शब्दांचे प्रकार पाठ होत नाहीत? वावरातल्या शब्दांवरून समजून घेऊ (तत्सम, तद्भव, देशी, साधित, अभ्यस्त वगैरे)

वावरातला_मास्तर:

नमस्कार मंडळी. दारव्ह्याकडल्या एका खेड्यात राहतो, कास्तकारी आहे आणि संध्याकाळी गावच्या अभ्यासिकेत पोट्ट्यांना मराठी व्याकरण शिकवतो. तलाठी भरती म्हणा, पोलीस भरती म्हणा, एमपीएस्सी म्हणा, मराठीचा भाग आला की "खालीलपैकी देशी शब्द ओळखा", "अंशाभ्यस्त शब्द कोणता" असले प्रश्न येतातच. आणि पोट्टे काय करतात, तर गाईडमधल्या याद्या घोकतात. झाड देशी, कागद फारसी, बटाटा पोर्तुगीज, तूप कानडी. यादीतला शब्द आला तर टिक, यादीबाहेरचा आला की झालं. इतकी मेहनत करणारी लेकरं आणि हाती फक्त यादी, हे पाहून जीव तुटतो म्हणून हा धागा काढून राहिलो.

मला मुळात गोंधळ कुठे दिसतो ते सांगतो. "शब्दांचे प्रकार" म्हणून जे शिकवतात ते एकाच प्रश्नाचं उत्तर नाहीच. ते चार वेगवेगळे प्रश्न आहेत आणि गाईडवाले त्यांची खिचडी करतात. पहिला प्रश्न, शब्द आला कुठून? याचं उत्तर तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला), तद्भव (संस्कृतातून बदलत आलेला), देशी (ज्याचं संस्कृत मूळ दाखवता येत नाही), परभाषी. दुसरा, शब्द बनला कसा? याचं उत्तर सिद्ध (मुळातच तयार) की साधित (दुसऱ्यापासून बनवलेला), आणि साधित असला तर उपसर्ग लागून, प्रत्यय लागून, समास होऊन की अभ्यास म्हणजे पुनरावृत्ती होऊन. तिसरा, वाक्यात काम काय करतो? याच्या उत्तरात त्या आठ शब्दजाती, चार विकारी आणि चार अविकारी. आणि चौथा, बाकीच्या शब्दांशी अर्थाचं नातं काय? समानार्थी, विरुद्धार्थी, अनेकार्थी हे सगळं तिथे. कोणताही एक शब्द घ्या, त्याला हे चारही प्रश्न विचारता येतात, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या आड येत नाही.

आता आपला रोजचा शब्द घेऊ, फवारणी. कुठून आला? फवारा हा अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. पण बनला कसा ते पाहा, फवारा या नामाचं आपण फवारणे हे क्रियापद केलं आणि त्याला णी लावून फवारणी केली, म्हणजे साधित, प्रत्ययघटित. काम काय? नाम, स्त्रीलिंगी, विकारी, फवारणीला, फवारणीचा असं रूप बदलतं. अर्थाने? गावात त्यालाच "स्प्रे मारणं" म्हणतात, तो समानार्थी प्रयोग. म्हणजे मूळ अरबी, कारागिरी मराठी. गाईडमध्ये हा शब्द कोणत्या रकान्यात टाकाल?

गाईडमधला तो तक्ता तुम्ही पाहिला असेल, वर "सिद्ध" आणि त्याच्या खाली तत्सम, तद्भव, देशी, परभाषी, शेजारी "साधित" आणि त्याच्या खाली उपसर्गघटित वगैरे. परीक्षेपुरता तो तक्ता लक्षात ठेवा पण त्याच्यामुळे पोरांना वाटते की साधित शब्द तत्सम असूच शकत नाही. अनुकरण हा शब्द घ्या, अनु हा उपसर्ग लागून बनलेला, म्हणून साधित, आणि जसाच्या तसा संस्कृतातून आलेला, म्हणून तत्सम. दोन्ही खरं आहे. दोन प्रश्न वेगळे आहेत एवढं डोक्यात बसलं की अर्धी लढाई तिथेच संपते.

आपापल्या भागातले शब्द टाका, सगळे मिळून तपासू.

---

एमपीएस्सीवाली_ताई:

सर खूप उपयोगी धागा, थँक्यू. माझा एक जुना डाऊट आहे. तत्सम म्हणजे काहीही बदल न होता आलेला असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण संस्कृतात कवि, गुरु, अग्नि ऱ्हस्व आहेत आणि आपण कवी, गुरू, अग्नी दीर्घ लिहितो मग हे तत्सम कसे राहिले? क्लासमध्ये विचारलं तर असंच असते म्हणून सांगितलं आणि पुढे गेले.

---

वावरातला_मास्तर:

ताई, डाऊट एकदम बरोबर आहे. हा बदल शब्दात झालेला नाही, लिहिण्याच्या नियमात झालेला आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 साली सरकारने मान्य केले (आधी 14 होते, 1972 ला 4 जोडले म्हणून 18), त्यात ठरलं की मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा, तत्सम असला तरी. म्हणून कवी, गुरू. पण तोच शब्द समासात आधी आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो, कविराज, गुरुदक्षिणा, अग्निदिव्य. म्हणजे शब्द तत्समच आहे, एकटा उभा राहिला तरच त्याची शेपूट लांबते.

आणि हे तत्सम-तद्भव फक्त परीक्षेसाठी नाही, रोज लिहिताना कामी येते. दूध हा तद्भव, संस्कृत दुग्ध, प्राकृतात दुद्ध, मराठीत दूध. याला ला लावला की दू चा दु होतो, दुधाला. चूल-चुलीत, गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला, सगळं असंच. पण दूत हा तत्सम, म्हणून दूताला, दू दीर्घच राहतो. शरीर-शरीराला, गीत-गीताला. अर्जात "शरिराला" लिहावं की "शरीराला" हे ज्याला तत्सम ओळखता येते त्याला विचारावं लागत नाही. वकील अरबी आहे, दूध तद्भव आहे, तरी दोघांना एकच नियम लागतो, कारण नियमाला एवढंच पाहिजे की शब्द तत्सम आहे की नाही.

---

पऱ्हाटी:

मास्तर तुमचं सांगनं पटते, पन मले एक सांगा. आमच्या घरी सगळे पानी म्हनतात, लोनी म्हनतात, डोया दुखते म्हनतात, पोरगी शायेत जाते म्हनतात. शायेत गेली की तिथं म्हनतात हे अशुद्ध हाय. मंग आमचे शब्द कोनत्या प्रकारात बसतात? तत्सम नाई, तद्भव नाई, तं मंग काय फक्त चुकीचे? मायी पोरगी तं आता घरी आली की बोलाचीच लाजते. आजीसंग बोलतानी अडखळते. हे मले लय लागते मनाले.

---

वावरातला_मास्तर:

भाऊ, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि याचं उत्तर तद्भव या शब्दातच आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

तद्भव म्हणजे काय, तर मूळ शब्द हजार-दीड हजार वर्षं माणसांच्या तोंडातून येता येता नियमाने बदलला. नियमाने हा शब्द पकडून ठेवा. संस्कृतात दोन स्वरांच्या मधे एकटा ल होता तिथे मराठीत ळ झाला. फल-फळ, काल-काळ, जल-जळ, शाला-शाळा. पुण्याच्या प्रोफेसरने शाळा म्हटलं की आपण त्याला तद्भव म्हणतो, मान देतो. वऱ्हाडीने त्याच्या पुढे आणखी एक पाऊल टाकलं, ळ चा य केला. डोळा-डोया, काळा-काया, शाळा-शाया. एखाद्याच शब्दात नाही, सगळीकडे, ओळीने. शाला, शाळा, शाया. ल चा ळ होणं शुद्ध आणि ळ चा य होणं अशुद्ध, याला भाषाशास्त्रात काहीच आधार नाही. दोन्ही एकाच जातीचे बदल आहेत. फरक इतकाच की ळ वाला शब्द छापखान्यात गेला आणि य वाला घरात राहिला.

पेपरमध्ये, अर्जात प्रमाण मराठी लिहावी, तिथे सगळ्या महाराष्ट्राला एक रूप लागते. पण पोरीला घरी सांगा की आजीचं बोलणं चूक नाही, त्याला नियम आहे, आणि तो नियम तिला स्वतःला शोधता येते. ळ असलेले दहा शब्द तिला लिहायला सांगा आणि आजीला म्हणायला लावा. जो नियम पुस्तकात शोधावा लागते तो तुमच्या चुलीपाशी बसून ऐकू येते.

---

वैनगंगाकाठ:

भंडारा जिल्ह्यातून. आमच्या झाडीपट्टीत ळ चा य नाही होत, र होतो. जुनी माणसं डोळ्याला डोरा म्हणतात, फळाला फर. ण इकडेही नाही, न च आहे. म्हणजे एकाच विदर्भात ळ च्या दोन वाटा झाल्या, तिकडे वऱ्हाडात य, इकडे झाडीत र. मास्तर म्हणतात तसं लिहून काढलं तर खरंच ओळीने निघते, मी आत्ता आईला विचारून पाहिलं.

---

वत्सगुल्म:

वाशीमचा आहे म्हणून राहवत नाही, एक गोष्ट जोडतो. दुग्ध आणि दूध यांच्या मधलं जे दुद्ध आहे, हस्त-हत्थ-हात मधलं जे हत्थ आहे, सप्त-सत्त-सात मधलं सत्त, ती मधली पायरी म्हणजे प्राकृत, आणि त्यातल्या त्यात महाराष्ट्री प्राकृत. ती आपल्या मातीत लिहिली गेलेली भाषा आहे. वाकाटक राजघराण्याची एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनला होती, आताचं नगरधन, आणि दुसरी शाखा वत्सगुल्मला, म्हणजे आमचं वाशीम. प्रवरसेन राजाच्या नावावर सेतुबंध हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य आहे आणि वत्सगुल्मच्या सर्वसेनाने हरिविजय लिहिलं होतं, ते आता मिळत नाही पण जुन्या साहित्यशास्त्राच्या ग्रंथांत त्याचे उल्लेख आहेत. म्हणजे राजे लोक दरबारात प्राकृतात कविता करत होते. पोरांना तद्भव शिकवताना हे सांगितलं तर त्यांना कळेल की मधली पायरी काही हवेत नाही, रामटेकच्या पायथ्याशी आहे.

तत्सम, तद्भव, देशी ही नावंसुद्धा प्राकृत समजावून सांगतानाच पक्की झाली. नाट्यशास्त्रात तीन प्रकार आहेत, समान, विभ्रष्ट आणि देशीगत. पुढे दंडीने काव्यादर्शात तद्भव, तत्सम, देशी अशी नावं दिली. मला यात एक गोष्ट फार आवडते, विभ्रष्ट म्हणजे बिघडलेला, आणि तद्भव म्हणजे त्यापासून जन्मलेला. नाव बदललं आणि शब्दाची इज्जत बदलली. पऱ्हाटी भाऊंच्या प्रश्नाला हेही एक उत्तर आहे.

---

एमपीएस्सीवाली_ताई:

हे कोणत्याच गाईडमध्ये नाही 🙏 आता देशी शब्दांचं सांगा कोणीतरी. घोडा देशी की तद्भव? एका पुस्तकात देशी दिलाय, दुसऱ्यात घोटक वरून तद्भव.

---

सेवानिवृत्त_गुरुजी:

बेटा, तिथे पुस्तकांचा दोष कमी आणि "देशी" या नावाचा स्वभावच तसा आहे. देशी म्हणजे ज्याचं संस्कृत मूळ नियमाने दाखवता येत नाही तो. बाराव्या शतकात हेमचंद्राने देशीनाममाला हा कोश केला, तो अशाच शब्दांचा, जे त्याच्या व्याकरणाच्या नियमांनी सिद्ध होत नव्हते. म्हणजे तत्सम-तद्भव हे शब्दाचं गोत्र सांगतात आणि देशी हे सांगते की गोत्र अजून लागलं नाही. उद्या कोणी मूळ दाखवलं की तो शब्द त्या यादीतून निघतो. घोड्याचं तेच झालं, घोटक हा शब्द संस्कृत कोशात आहे, पण तो संस्कृतातच लोकभाषेतून आला असावा असं म्हणणारेही आहेत. परीक्षेत आयोगाच्या उत्तरतालिकेत जे आधी दिलेलं आहे ते धरा, वाद घालायला ही जागा आहे.

दुसरं, तुम्ही सगळ्यांनी एक प्रकार सोडला. अर्धतत्सम. ग्रिअर्सनसाहेबांनी भारतीय भाषांच्या पाहणीत हे नाव वापरलं आहे. तद्भव हा जुना, प्राकृताच्या वाटेने झिजत आलेला. अर्धतत्सम म्हणजे संस्कृत शब्द नंतर पुन्हा उचलला आणि जोडाक्षर जिभेला जड गेलं म्हणून फोडलं. कर्म हा तत्सम. कर्म-कम्म-काम, हा तद्भव. आणि आपली म्हातारी कपाळाला हात लावून म्हणते "माह्यं करम फुटलं", ते करम अर्धतत्सम. एकाच मुळाचे तीन शब्द आणि तिघांचे अर्थ वेगळे झालेले. काम करायला वावरात जावं लागते, करम भोगावं लागते आणि कर्म गीतेत.

तसंच भक्त पहा. संस्कृतात भक्त म्हणजे वाटून दिलेलं, अन्न असाही अर्थ आहे. त्याचा तद्भव भात. आणि देवाचा भक्त, त्याचा अर्धतत्सम भगत, खेड्यात अंगात येणारा भगत असतो तो. भात आणि भगत एकाच घरचे. परसाद, दरशन, किरपा, धरम, जनम हे सगळे अर्धतत्समच.

---

धारणीची_बाई:

मी मेळघाटात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गुरुजींनी देशी शब्दाबद्दल जे सांगितलं त्यावर बोलावंसं वाटतं. देशी शब्द शिकवताना आपण पोरांना असं सांगतो की हे "इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले शब्द". आणि माझ्या वर्गात ते मूळ रहिवासी समोर बसलेले असतात! माझे विद्यार्थी कोरकू आहेत. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, संताळीच्या नात्यातली. गोंडी आणि यवतमाळकडची कोलामी या द्रविड कुळातल्या. म्हणजे विदर्भात भाषांची तीन कुळं शेजारी-शेजारी राहतात, पाण्याला कोरकूत डा म्हणतात, गोंडीत येर म्हणतात. पण पुस्तकात परभाषी शब्द म्हणून कानडी, तेलुगू, गुजराती, अरबी, फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी एवढ्या सगळ्यांचे रकाने असतात आणि गोंडी-कोरकूचा रकानाच नाही, त्यांचं सगळं मिळून एक "देशी". 

मला वाटतं नावं तपासायची असतील तर इथून सुरुवात व्हावी. कोणी तज्ज्ञ बसून वऱ्हाडी आणि झाडीतले शब्द गोंडी-कोलामीच्या शब्दांशी ताडून पाहायला पाहिजे. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे, लीळाचरित्र जिथे लिहिलं गेलं त्या गावात, तिथे हे काम व्हावं असं मनापासून वाटतं.

---

वावरातला_मास्तर:

बाई, तुमच्या पोस्टला दंडवत. हे मी उद्याच वर्गात सांगतो, आमच्याकडे कोलाम पोरं येतात दोघं.

---

तिफन:

मी आडतीवर असतो, भाषेचं शिक्षण नाही पण धागा वाचून डोक्यात शब्द नाचून राहिले म्हणून लिहितो. आमच्या बोलण्यात जोडीचे शब्द फार आहेत, बाजारहाट, धनदौलत, कागदपत्र, रीतरिवाज, अर्जविनंती. हे कोणत्या प्रकारचे? आणि लिलाव कुठला शब्द आहे, रोज शंभरदा तोंडी येतो.

---

सेवानिवृत्त_गुरुजी:

तिफन भाऊ, शिक्षण नाही म्हणता आणि सगळ्यात सुंदर उदाहरणं तुम्हीच दिली. बनावटीने हे सामासिक शब्द, द्वंद्व समास. पण आता मास्तरांचा पहिला प्रश्न विचारा, आले कुठून? बाजार फारसी, हाट आपला जुना. धन संस्कृत, दौलत अरबी. कागद फारसीकडून, पत्र संस्कृत. रीत संस्कृतातली रीति, रिवाज अरबी. अर्ज अरबी, विनंती तद्भव, विज्ञप्ती वरून. म्हणजे एकच अर्थ दोन भाषांत सांगून जोडून टाकला. दरबारात एक भाषा आणि गावात दुसरी, असा शेकडो वर्षांचा काळ होता, तेव्हा दोन्हीकडच्या माणसाला कळावं म्हणून असे जोड घट्ट झाले असं मानतात. 

लिलाव पोर्तुगीज. पगार, घमेलं, बटाटा, कोबी, पपई हेही तिकडचेच. घमेलं घेऊन माती टाकणारी बाई आणि पगार मोजणारा मुकादम, दोघंही पोर्तुगीज बोलून राहिलेत असं म्हणायला हरकत नाही.

अभ्यस्त शब्द यापेक्षा वेगळे हे ध्यानात असू द्या. हळूहळू, जवळजवळ हे पूर्णाभ्यस्त, शब्द अख्खा परत आला. उरलासुरला, शेजारीपाजारी, गोडधोड, चहाबिहा हे अंशाभ्यस्त, दुसऱ्या भागाला एकट्याने अर्थ नाही, पाजारी नावाचा माणूस नसतो. आणि गडगड, रिमझिम, फडफड हे अनुकरणवाचक, आवाजाची नक्कल. बाजारहाटमध्ये हाट एकटा उभा राहू शकतो, म्हणून तो अभ्यस्त नाही, समास आहे. दुसरा भाग सुटा करून पाहायचा, अर्थ उरला तर समास.

---

पऱ्हाटी:

कास्तकार कुठला मंग? आमी सोताले शेतकरी कमी आन कास्तकार जास्त म्हनतो.

---

वावरातला_मास्तर:

भाऊ, फारसी. काश्त म्हणजे पेरणी-लागवड, कार म्हणजे करणारा. आणि शेतकरी म्हणजे शेत करणारा, शेत तद्भव, क्षेत्र वरून. दोन्ही शब्दांची बांधणी एकसारखी आहे, भाषा मात्र वेगळ्या. शेतकरी हा उपपद तत्पुरुष म्हणून पेपरात येतो.

आता शेतीचा विषय निघालाच आहे तर माझा आवडता भाग सांगतो, मी वर्गात यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवतो. वखर हे अवजार. त्याला णे लावला, वखरणे. नामाचं क्रियापद झालं, याला नामधातू किंवा नामसाधित धातू म्हणतात. मग त्या वखरणेला णी लावला, वखरणी, परत नाम झालं. नाम होतं, क्रियापद झालं, पुन्हा नाम, पण आता ते वस्तूचं नाव नाही, कामाचं नाव आहे. डवरा, डवरणे, डवरणी. फवारा, फवारणे, फवारणी. पेरणी, वेचणी, निंदणी, मळणी इथे मूळ अवजार नाही, धातूच आहे, पेर, वेच, निंद, मळ, म्हणून हे सरळ धातुसाधित. पोरांना मी जूनपासून दिवाळीपर्यंतची कामं ओळीने लिहायला लावतो आणि प्रत्येक शब्दाच्या बुडाशी अवजार आहे की क्रिया ते शोधायला लावतो. ज्याचा बाप दिवसभर डवरा हाकते त्या पोराला नामधातू ही संज्ञा परत कधी पाठ करावी लागत नाही.

आणि हंगामाची नावं पहा, खरीप आणि रब्बी दोन्ही अरबी. खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. पेरतो पावसाळ्यात आणि नाव शरदाचं, कारण नाव पेरणीवरून नाही, काढणीवरून पडलं आहे. सरकार सारा वसूल करायचं तो पीक निघाल्यावर, त्यांना पेरणीशी काय मतलब.

मग नापिकी. पीक हा तद्भव, पक्व, प्राकृतात पिक्क, त्याचं पीक. पुढे ना हा उपसर्ग, पुस्तकात फारसी म्हणून देतात, नापसंत, नालायक वाला. मागे ई प्रत्यय. एवढ्याशा शब्दात तीन तुकडे. बेपत्ता, गैरसमज, भांडखोर हे असेच मिश्र घराण्याचे, संकरित. भांड आपलं आणि खोर फारसी.

---

धारणीची_बाई:

ठिबक सिंचन पण घ्या यात. ठिबक म्हणजे ठिबकणे, थेंबाच्या आवाजावरून झालेला, आणि सिंचन शुद्ध तत्सम. हा ठरवून घडवलेला पारिभाषिक शब्द आहे आणि कास्तकारांनी तो लगेच उचलला, सगळे ठिबकच म्हणतात. त्याच्या उलट अनुज्ञप्ती, सरकारी कागदावर आहे पण बोलण्यात सगळे लायसनच म्हणतात. शब्द घडवताना त्यात आपल्या बोलीचा एक तरी तुकडा असला की तो जगतो असं माझं मत आहे.

---

एमपीएस्सीवाली_ताई:

सर तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं सांगा ना, शब्दजाती. वर हा शब्द क्रियाविशेषण की शब्दयोगी, नेहमी चुकते.

---

वावरातला_मास्तर:

ताई, शब्दाला जन्मापासून जात चिकटलेली नसते, वाक्यात बसल्यावर ठरते. "पोरगा वर चढला" इथे वर सुटा आहे, चढण्याबद्दल सांगते, क्रियाविशेषण. "पोरगा झाडावर चढला" इथे तो झाडाला चिकटला, शब्दयोगी. शब्दयोगी नेहमी जोडून लिहायचा, व्हॉट्सअॅपवर सगळे "झाडा वर", "शेता मधे", "घरा समोर" असं तोडून लिहून राहिलेत, ते चूक. आणि "वर पाहायला गेले" मधला वर हा तिसराच, तो तत्सम, नवरदेव. पहिले दोन उपरि वरून आलेले तद्भव. दिसायला सारखे पण मुळं वेगळी, म्हणून तो नवरदेव या दोघांच्या कुळातला नाही. अव्यय असल्यामुळे पहिले दोन बदलत नाहीत, नवरदेव मात्र वराला, वराचा असा बदलतो. वरपक्ष.

---

तिफन:

एक शेवटचा माझ्याकडून. सातबारा. सगळ्यांच्या घरात आहे. चारही प्रश्न लावून दाखवा.

---

एमपीएस्सीवाली_ताई:

मी करून पाहते. कुठून आला: सात म्हणजे सप्त-सत्त-सात, बारा म्हणजे द्वादश वरून, दोन्ही तद्भव. बनला कसा: सामासिक, सात आणि बारा, द्वंद्व समास. काम: नाम, पुल्लिंगी, सातबाऱ्यावर, सातबाऱ्याचा, विकारी. अर्थ: समानार्थी म्हणून उतारा म्हणतात. बरोबर ना?

---

सेवानिवृत्त_गुरुजी:

बाकी सगळं उत्तम, समासावर माझा आक्षेप आहे. द्वंद्वात दोन्ही पदं महत्त्वाची असतात. सातबारा म्हटल्यावर तुला सात हा आकडा पाहिजे की बारा? दोन्ही नाही. गाव नमुना सात, अधिकार अभिलेख, आणि गाव नमुना बारा, पिकांची नोंद, हे दोन्ही ज्यावर आहेत तो कागद पाहिजे. दोन्ही पदं तिसऱ्याच वस्तूकडे बोट दाखवतात, म्हणून बहुव्रीही. नीलकंठ म्हणजे निळा गळा नाही, शंकर. तसं.

---

तिफन:

पण गुरुजी, आमच्याकडे "सात आन बारा घेऊन ये" असंही म्हणतात ना, तेव्हा दोन्ही नमुने वेगळेवेगळे मनात असतात. तेव्हा द्वंद्व नाही का?

---

सेवानिवृत्त_गुरुजी:

"आन" मधे आला म्हणजे तो समासच नाही, विग्रह झाला. आणि उतारा एकवचनी आहे हे पहा, "माझा सातबारा", "माझे सातबारा" नाही. आईवडील हे इतरेतर द्वंद्व, "माझे आईवडील", अनेकवचन आलं. मीठभाकरीत एकवचन येते पण ते समाहार म्हणून, मीठ-भाकर आणि इतर जेवण सगळं मिळून, तिथे मीठ आणि भाकर दोन्ही ताटात असतातच. सातबाऱ्यात ताटात एक कागद.

---

वावरातला_मास्तर:

गुरुजींचं पटलं, पण आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या जमिनीचा तो दुसरा उतारा, राहिला. तिथे अंक आणि अक्षर आहे, आणि तरी पोट्टे "आठअच्या उताऱ्यावर" असं म्हणतात, म्हणजे सामान्यरूप होतच नाही, अ ला प्रत्यय थेट लागतो. उद्या वर्गात हाच घेतो, ज्यांना आठ-अ ची बोलीतली रूपं माहीत असतील त्यांनी तालुक्याच्या नावासकट इथे टाका.